परदेशी इंग्रजीचे अध्यापन : पगार किती आणि प्राप्ती किती?

बँकेच्या शाखेत येणारा ग्राहक केवळ पैसे भरण्यास किंवा काढण्यास येतो, हा समज पूर्णतः खरा नाही. पुष्कळदा तो घरातला एखादा निर्णय सोबत घेऊन येतो आणि व्यवहाराच्या निमित्ताने तो अधिकाऱ्यापुढे मांडतो. २०२५ च्या आरंभी जबलपूरच्या नेपियर टाउन भागात राहणारे एक सेवानिवृत्त मराठी गृहस्थ असेच माझ्यापुढे येऊन बसले. त्यांना दीड लाख रुपयांचे वैयक्तिक कर्ज हवे होते. कारण विचारले, तेव्हा त्यांनी घडी घातलेला एक कागद टेबलावर उलगडून ठेवला. शारजा येथील भारतीय अभ्यासक्रमाच्या एका शाळेत इंग्रजीची शिक्षिका म्हणून त्यांच्या मुलीला मिळालेले ते नियुक्तिपत्र होते. पगार दरमहा ५,००० दिरहम.

“साहेब, एका दिरहमचे साडेतेवीस रुपये धरले तरी एक लाख साडेसतरा हजार होतात. इथे तिला बत्तीस हजार हाती येतात. दरमहा पंच्याऐंशी हजारांचा फरक आहे. दीड लाखाचे कर्ज दोन महिन्यांत फिटेल.”

“काका, दोन महिन्यांचे राहू द्या,” मी म्हटले, “पण हे दीड लाख कोणाला द्यायचे आहेत?”

ते एजंटाला द्यावयाचे होते. त्या एका प्रश्नातून पुढे जो हिशेब आम्ही तिघांनी, म्हणजे त्यांनी, त्यांच्या मुलीने आणि मी, दोन बैठकांत मांडला, तो थोडा विस्ताराने येथे देत आहे. नावगाव देण्याचे कारण नाही. आकडे मात्र त्यांच्या संमतीने दिले आहेत, कारण असा कागद हाती घेऊन येणारे पालक आपल्या अनेक शाखांमध्ये येत असतात.

इंग्रजी शिकविण्यासाठी भारतीयांनी समुद्रापार जाणे ही नवी गोष्ट नव्हे. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात इथिओपियातील माध्यमिक शाळांत शेकडो भारतीय शिक्षक होते. त्यांत केरळीयांचा भरणा मोठा. १९६० नंतर भूतानने आधुनिक शिक्षणाची घडी बसविली, तीही इंग्रजी माध्यमातून आणि बव्हंशी भारतीय शिक्षकांच्या हातून. दुबईतील इंडियन हायस्कूल १९६१ मध्ये सुरू झाले, म्हणजे संयुक्त अरब अमिराती हे राष्ट्र जन्मास येण्यापूर्वी दहा वर्षे. जबलपूरला तर शिक्षकांच्या प्रवासाची चांगली ओळख आहे. मध्यप्रांत व वऱ्हाड एकत्र असताना नागपूर-वऱ्हाडातील अनेक तरुण शिक्षक अध्यापनाची पदवी घेण्यासाठी येथील स्पेन्स ट्रेनिंग कॉलेजात येत. गोलबाजारातील महाराष्ट्र शाळा आणि नेपियर टाउनमधील गृहविज्ञान महाविद्यालय यांच्या आसपासच्या वस्तीत शिक्षकाच्या घरात शिक्षकच जन्मतो, असे विनोदाने म्हटले जाते. फरक एवढाच, की पूर्वी शिक्षक पदवी घेण्यासाठी जबलपूरला येत. आता पदवी घेऊन जबलपूरहून निघतात.

तेव्हा प्रश्न जाण्याचा नाही. इंग्रजी शिकविणाऱ्याला परदेशात किती मिळते, या प्रश्नाला एक उत्तर नसते, ही खरी अडचण आहे. गणिताचा शिक्षक कोणत्या देशाचा, हे सहसा कोणी विचारत नाही. इंग्रजीच्या शिक्षकाचे मात्र ज्ञान नंतर आणि पारपत्र आधी पाहिले जाते. काश्मीरमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात अध्यापन केलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये जगातील इंग्रजीची मांडणी तीन वर्तुळांत केली. आतल्या वर्तुळात ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियासारखे देश. बाहेरच्या वर्तुळात भारतासारखे, जेथे इंग्रजी राज्यकारभार, न्यायालय व शिक्षण यांतून रुजली. आणि विस्तारत्या वर्तुळात चीन, जपान, कोरियासारखे, जेथे ती परकी भाषा म्हणून शिकली जाते. काचरूंचा आग्रह असा, की बाहेरच्या वर्तुळातील इंग्रजी ही उसनी वा अपुरी भाषा नव्हे. पगारपत्रक बनविणाऱ्यांना मात्र हा आग्रह अद्याप पुरता पटलेला दिसत नाही.

दक्षिण कोरियाचे उदाहरण घ्यावे. तेथे इंग्रजी शिकविण्याचा परवाना-व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारताला हे दार किंचित उघडले ते १ जानेवारी २०१० पासून अंमलात आलेल्या भारत-कोरिया व्यापक आर्थिक भागीदारी करारामुळे. या करारान्वये पदवी आणि इंग्रजी विषयाची अध्यापन-अर्हता असलेल्या भारतीयाला अर्ज करता येतो. म्हणजे सात देशांच्या नागरिकाला कोणत्याही विषयातील पदवी पुरते, आपल्याला मात्र बी.एड.सारखी अर्हताही लागते. अट अन्यायाची वाटली, तरी बी.एड. झालेल्या आपल्या शिक्षकांच्या दृष्टीने ती फायद्याचीच म्हणावी लागेल. कारण प्रशिक्षित शिक्षक हेच तर आपले भांडवल.

कोरियातील सरकारी शाळांत मासिक वेतन साधारण २० ते २८ लाख वॉन असते. ‘लाख’ या शब्दाने दिपून जाऊ नये. २०२५ मध्ये एका रुपयास सुमारे १६ वॉन पडत. त्या हिशेबाने २४ लाख वॉन म्हणजे दीड लाख रुपये. तथापि या वेतनासोबत राहण्याची जागा अथवा घरभाडे भत्ता मिळतो आणि वर्ष पुरे केल्यावर एक महिन्याच्या वेतनाइतकी सेवासमाप्ती रक्कम कायद्याने मिळते. घरभाडे नसल्यामुळे काटकसरीने राहणारी एकटी व्यक्ती निम्मे वेतन मागे टाकू शकते. जागा मोजक्या, करार एकेक वर्षाचा, हिवाळा कडक आणि शाकाहारी माणसाची पंचाईत, हे सारे खरे. पण इंग्रजी शिकविणाऱ्या भारतीयाला ज्ञानाच्या मोलाने वेतन मिळण्याची जी थोडी ठिकाणे आहेत, त्यांत कोरिया येतो.

इंग्लंडबद्दल एक गैरसमज दूर करावयास हवा. २०२३ पासून तेथील शासनाने भारतीय शिक्षकांच्या अर्हतेस मान्यता देण्याची सोय केली, ही बातमी आपल्याकडे पुष्कळ फिरली. ती खरी आहे. परंतु भारतीयांसाठी ती गणित, विज्ञान आणि परकीय भाषा यांच्या माध्यमिक शिक्षकांपुरती आहे. इंग्रजांना इंग्रजी शिकविण्यासाठी आपल्याला बोलावणे नाही, हे ओघानेच आले.

मग बहुसंख्य इंग्रजी शिक्षक जातात कोठे? आखातात. आणि आखातातही तीन निरनिराळे बाजार आहेत. ब्रिटिश वा अमेरिकी अभ्यासक्रमाच्या शाळांत दहा हजार दिरहमच्या पुढे पगार, त्यावर घर, विमानाचे तिकीट व वैद्यकीय विमा असा थाट असतो. पण इंग्रजी विषयासाठी या शाळा आतल्या वर्तुळातील उमेदवार पसंत करतात. दुसरा बाजार सरकारी शाळा व महाविद्यालयांचा. तेथे अनुभव व उच्च पदव्या लागतात. तिसरा, आणि आपल्या वाचकांचा खरा, तो भारतीय अभ्यासक्रमाच्या खासगी शाळांचा. तेथील पालक नोकरदार भारतीय. त्यांना परवडेल अशी फी ठेवावी लागते आणि फी मर्यादित, म्हणून पगारही मर्यादित. अमिरातीत अशा शाळांतून सामान्यतः ३,००० ते ६,००० दिरहम मिळतात. एकाच शहरात, एकाच रस्त्यावर, तोच विषय, तीच इयत्ता शिकविणाऱ्या दोन शिक्षिकांच्या पगारांत दुप्पट-तिप्पट अंतर असू शकते, याचे कारण हे.

आता आपण त्या नियुक्तिपत्राकडे वळू.

दिरहमचा विनिमय दर १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला आहे. त्यामुळे दिरहममधील पगार हा वस्तुतः डॉलरमधील पगारच होय आणि रुपया घसरला की तो रुपयांत आपोआप वाढतो. काकांनी धरलेला साडेतेवीसचा दर तेव्हाच्या मानाने योग्य होता. चूक दरात नव्हती; गुणाकार कशाचा केला, त्यात होती. जो पैसा परदेशातच खर्च व्हावयाचा, त्याला रुपयांच्या दराने गुणण्यात अर्थ नाही. ज्या घरात चहाचा पेला तेथील भावाने प्यावयाचा, त्या घराचा पगार येथील भावाने मोजू नये. गुणावयाचे ते फक्त उरलेल्याला.

मुलीने, आपण तिला ताई म्हणू, तेथील एका मैत्रिणीकडून खर्चाचे आकडे मागविले. दोन शिक्षिकांनी मिळून एक खोली घ्यावयाची, त्यात तिच्या वाट्याला १,२०० दिरहम; जेवणखाण ६००; बस व दूरध्वनी ३००; औषधपाणी, कपडे, सणवार, अडीअडचण ३००. एकूण २,४००. उरले २,६०० दिरहम, म्हणजे ६१,१०० रुपये. जबलपुरात घर स्वतःचे असल्यामुळे ताई बत्तीस हजारांतून अठरा हजार मागे टाकीत होती. तेव्हा फरक पंच्याऐंशी हजारांचा नव्हता; तो होता ४३,१०० रुपयांचा. पहिल्याच वजाबाकीत निम्मा फरक विरघळला.

काका काही बोलले नाहीत. ताईने मात्र वही पुढे ओढली आणि विचारले, “अजून काय काय वजा होतं?”

तिचे आईवडील सत्तरीच्या पुढचे. आईला चालण्यास आधार लागतो आणि शाळेतून आल्यावर तो आधार ताईच देत असे. ती गेल्यावर अर्ध्या दिवसाची बाई ठेवावी लागणार. त्याचे ६,००० रुपये. हा आकडा कोणत्याही नियुक्तिपत्रात नसतो. माझ्या अनुभवात हिशेबातून सर्वाधिक वेळा सुटतो तो हाच, कारण घरातील मुलीच्या श्रमाचे मोल आपण कधी लिहूनच ठेवीत नाही.

येथील शाळा तिच्या भविष्यनिर्वाह निधीत दरमहा १,८०० रुपये घालीत होती. ते थांबणार. मूळ वेतन २०,००० धरता, येथील ग्रॅच्युइटीत दरमहा सुमारे ९६० रुपयांची भर पडत होती, तीही थांबणार. उलट बाजूस अमिरातीतील कायद्याप्रमाणे एक वर्ष सेवा झाल्यानंतर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचे मूळ वेतन सेवासमाप्तीच्या वेळी मिळते. येथे ‘मूळ’ हा शब्द महत्त्वाचा. पाच हजारांच्या पगारात मूळ वेतन ३,००० च होते, बाकीचे भत्ते. म्हणून वर्षाला २,१०० दिरहम, रुपयांत ४९,३५०, म्हणजे महिन्याला सुमारे ४,११० रुपये जमेस धरता येतात. दोन नियुक्तिपत्रांत एकूण पगार सारखा असला, तरी मूळ वेतनाचा आकडा ज्यात मोठा ते पत्र चांगले, हे वाचकांनी टिपून ठेवावे.

राहिला जाण्याचा खर्च. एजंटाने दीड लाख मागितले होते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नियमांनी नोंदणीकृत भरती एजंटाच्या सेवाशुल्कावर ३०,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली आणि त्यावर वस्तू व सेवा कर, म्हणजे १८ टक्क्यांनी एकूण ३५,४००. त्यापलीकडची मागणी बेकायदा. शिवाय अमिरातीतील श्रमकायदा भरतीचा व व्हिसाचा खर्च मालकावर टाकतो, कर्मचाऱ्यावर नव्हे. एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहता येते. दहावी वा त्याहून अधिक शिकलेल्यांना उत्प्रवासाची स्वतंत्र परवानगी लागत नाही, म्हणून सुशिक्षित माणसे ही चौकशीच करीत नाहीत आणि फसणाऱ्यांत शिक्षकही आढळतात. काकांनी एजंटास नियम दाखविला. तो प्रथम रागावला, मग पावती देण्यास तयार झाला. पावतीवर आकडा कायदेशीर होता. मी कर्जाचा अर्ज तेथेच मिटवून काकांना परत दिला.

प्रमाणपत्रांच्या साक्षांकनाचा खर्च मात्र टळत नाही. भारत २००५ मध्ये हेग येथील अपोस्टिल करारात सामील झाला. कोरिया, ओमान, बहारीन, सौदी अरेबिया हे देशही त्यात आहेत आणि तेथे एका शिक्क्यावर काम भागते. अमिराती, कतार व कुवेत त्यात नाहीत. म्हणून पदवी, बी.एड. व अनुभवाचा दाखला आधी राज्यस्तरावर, मग परराष्ट्र मंत्रालयात, नंतर त्या देशाच्या वकिलातीत आणि पुन्हा तेथे पोहोचल्यावर, अशी वारी करावी लागते. ताईला त्यास सुमारे ३०,००० रुपये लागले. पोलीस दाखला, पहिले तिकीट, खोलीची अनामत यांचे पंचवीस हजार. एकूण सुमारे ९०,०००. दोन वर्षांच्या करारावर वाटले, तर महिन्याला ३,७५०.

आता सारे एकत्र मांडू. ४३,१०० मधून ६,०००, १,८०० व ९६० गेले, राहिले ३४,३४०. त्यात ४,११० मिळविले आणि ३,७५० वजा केले. उत्तर ३४,७००. काकांच्या पंच्याऐंशी हजार पाचशेंचे हे खरे रूप.

एवढ्यावरून कोणी असे समजू नये, की जाण्यात अर्थ नव्हता. दरमहा ३४,७०० म्हणजे दोन वर्षांत सव्वाआठ लाखांहून अधिक. आणि हे तिच्या येथील बचतीच्या वरचे. जबलपूरच्या खासगी शाळेतील शिक्षिकेला अशी बचत करण्यास किती वर्षे लागतील, हे शिक्षकांना सांगावयास नको. मात्र हा आकडा एकट्या व्यक्तीचा आहे. पती व मुलास नेले, स्वतंत्र एका शयनकक्षाची जागा घेतली, की भाडेच पगाराचा निम्म्याहून मोठा भाग खाऊन टाकते. मग पतीलाही नोकरी मिळाली तरच बचतीची भाषा करावी. भारतीय शाळांत शिकविणाऱ्या अनेक गृहिणींच्या पतींची तेथे आधीपासून नोकरी असते आणि त्यांचा पगार हा घरातला दुसरा पगार असतो. शाळांना कमी पगारात शिक्षिका मिळतात, त्याचे हेही एक कारण असावे असे मला वाटते. जबलपूरहून एकटीने जाणाऱ्या मुलीची गणना वेगळी.

कमावलेला पैसा मायदेशी पाठविता येणे, ही आणखी एक पायरी आहे आणि ती सर्वत्र सारखी सोपी नसते. मालदीवच्या दूरदूरच्या बेटांवर भारतीय शिक्षक वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवीत आले आहेत. परंतु त्या देशात डॉलरची टंचाई झाली, तेव्हा पगारातून अधिकृत मार्गाने बाहेर पाठविण्याच्या रकमेवर मर्यादा आल्या. पगार स्थानिक चलनात खात्यावर जमा, पण घरी पोहोचावयास वाट अरुंद. भूतानमध्ये याच्या उलट : १९७४ मध्ये सुरू झालेला तेथील ङुल्ट्रम रुपयाशी समान मूल्याचा आहे, त्यामुळे विनिमयाची धास्तीही नाही आणि विनिमयाचा लाभही नाही. अमिरातीत पगार बँकेमार्फतच देण्याची वेतन संरक्षण पद्धती २००९ पासून आहे. पगार थकला, तर त्याची नोंद राहते. रोखीने पगार देऊ करणाऱ्या शाळेपासून दूर राहणे बरे.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांकडून आलेल्या रकमांपैकी १९.२ टक्के एकट्या अमिरातीतून आल्या. राज्यांमध्ये २०.५ टक्क्यांसह महाराष्ट्र पहिला होता, केरळ थोडा मागे. या प्रवाहात शिक्षिकांचे थेंब किती, हे वेगळे मोजलेले नाही. पण हे थेंब आपल्या खात्यांवर पडतात, म्हणून त्यासंबंधी चार शब्द.

नोकरीसाठी परदेशी गेलेली व्यक्ती परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार अनिवासी ठरते. तिचे येथील साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ खात्यात रूपांतरित करून घ्यावे लागते. पुष्कळ ग्राहक हे वर्षानुवर्षे करीत नाहीत आणि पुढे घर घेताना अडतात. परदेशातील पगार मात्र एनआरई खात्यात आणावा. त्यातील मुद्दल व व्याज दोन्ही पुन्हा परदेशी नेता येतात आणि व्याजावर येथे आयकर नाही. एनआरओ खात्याच्या व्याजावर ३० टक्के दराने, अधिक अधिभार व उपकर लागू असल्यास त्यांसह, उगमस्थानी करकपात होते. येथील घराचे भाडे, जुन्या ठेवीचे व्याज, लाभांश हे एनआरओ खात्यात. तेथील पगार एनआरई खात्यात. ही सरमिसळ टाळली, तर निम्मी डोकेदुखी वाचते. रुपयाच्या घसरणीची भीती असणाऱ्यांनी एक ते पाच वर्षांची एफसीएनआर ठेव पाहावी. ती परकीय चलनातच राहते.

आयकरासाठी निघण्याची तारीख महत्त्वाची. नोकरीसाठी जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून कमी काळ भारतात राहिला, तर तो त्या वर्षापुरता अनिवासी ठरतो आणि परदेशातील पगारावर येथे कर लागत नाही. अमिरातीत व्यक्तीच्या पगारावर आयकर नाही. एक एप्रिलपासून मोजले, तर १८२ वा दिवस २९ सप्टेंबरला येतो. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष तेथेही एप्रिलात सुरू होत असल्यामुळे एप्रिलात जाणाऱ्यास प्रश्न पडत नाही. नोव्हेंबरात मधल्या जागेवर रुजू होणाऱ्याने मात्र त्या वर्षाचा परदेशी पगार येथील विवरणपत्रात दाखवावयाचा असतो.

ताईच्या येथील आठ वर्षांच्या सेवेचे काय? पाच वर्षे पुरी झाल्यामुळे ग्रॅच्युइटीचा हक्क होता. वीस हजारांच्या मूळ वेतनावर वर्षास पंधरा दिवस, महिना सव्वीस दिवसांचा, या सूत्राने आठ वर्षांचे ९२,३०८ रुपये. म्हणजे जाण्याचा जवळजवळ सारा खर्च तिच्याच कमाईतून भागत होता. कर्जाची गरजच नव्हती. राजीनाम्याच्या घाईत ही रक्कम मागावयाची असते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. खासगी शाळांतील शिक्षकांनाही २००९ च्या दुरुस्तीने हा हक्क मिळाला आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती दुरुस्ती उचलून धरली. निवृत्तिवेतन योजनेस मात्र दहा वर्षांची सेवा लागते. तिची आठच झालेली. अशा वेळी जमा रक्कम काढून न घेता योजना प्रमाणपत्र घ्यावे. परत येऊन पुन्हा नोकरी केली, तर उरलेली दोन वर्षे जोडता येतात. सार्वजनिक भविष्य निधीचे जुने खाते मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते, नवीन उघडता येत नाही.

करारातील दोन गोष्टी मी तिला शाळेकडून लेखी विचारून घेण्यास सांगितल्या. एक, जुलै-ऑगस्टच्या उन्हाळी सुट्टीचा पगार मिळतो का. कारण दहाच महिने पगार असेल, तर वरचे सारे गणित मोडते. दुसरी, दोन वर्षांआधी सोडल्यास काय परत द्यावे लागते. पहिल्याचे उत्तर तिला अनुकूल आले. दुसऱ्याचे अर्धवट आले, तेव्हा तिने पुन्हा लिहिले आणि स्पष्ट उत्तर आल्यावरच सही केली. इंग्रजीची शिक्षिका असल्याने तिचे ते दुसरे पत्र वाचण्यासारखे होते. तक्रारीचा एक शब्द नाही आणि निसटावयास जागा नाही.

मार्चअखेरीस ती खाते उघडण्यास आली. एनआरई खात्यात निवासी वडिलांना जोडीदार म्हणून घेता येते, पण ‘प्रथम किंवा उत्तरजीवी’ या पद्धतीनेच. काकांनी सही करण्यापूर्वी त्या शब्दांवर बोट ठेवून अर्थ विचारला. मी सांगितले, की ताई असेपर्यंत खाते तिचेच. तिच्या मुखत्यारपत्राशिवाय तुम्हाला त्यातून पैसे काढता येणार नाहीत. ते क्षणभर थांबले, सही केली आणि मुखत्यारपत्राचा नमुना मागून घेतला. बाईचा पगार दर महिन्याच्या पाच तारखेला द्यावयाचा होता.